एकच इमारत, सगळ्यांचे लॅपटॉप : गावात बिमचा कट्टा कसा भरवावा

आर्किटेक्ट ऑटोकॅडमध्ये प्लॅन काढतो. आरसीसी कन्सल्टंट ईटॅब्स नाहीतर स्टॅडमध्ये डिझाइन करतो. कंत्राटदाराचा माणूस एक्सेलमध्ये बिल लावतो आणि प्लंबरच्या हातात व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ असते. म्हणजे संगणक सगळ्यांकडेच आहे. पण एकाची माहिती दुसऱ्याकडे जाते ती कागदावर उतरून, आणि पुढचा माणूस ती पुन्हा पहिल्यापासून भरतो. एका बंगल्याचा स्लॅब असा चार-चार वेळा काढला जातो. कोल्हापूर, नाशिक, लातूर, कुठेही जा, प्रकार हाच.

ही मंडळी अधूनमधून एका टेबलाभोवती बसावीत म्हणून कट्टा. परिषद नको, सत्कार-नारळ नको, प्रमाणपत्र नको. असा कट्टा पहिल्यांदाच भरवणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. सगळ्या खटाटोपात एकच गोष्ट सांभाळायची : चर्चा इमारतीची व्हायला हवी, सॉफ्टवेअरची नव्हे. 'रेव्हिट चांगलं की आर्किकॅड' हा वाद सुरू झाला की ती संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

अगदी नवख्यांसाठी दोन वाक्यं. बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. (ऱ्हस्व बिम म्हणजे हे, दीर्घ बीम म्हणजे काँक्रीटचा, पुढे दोन्ही येणार आहेत.) १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेघा, आणि त्या रेघांना आपण भिंत आहोत याचा पत्ता नसतो. मॉडेलमधली भिंत मात्र आपली जाडी, उंची, विटेची की ब्लॉकची हे सगळं सोबत बाळगते. खिडकी सरकवली की भोकही सरकतं आणि एलिव्हेशन आपोआप बदलतं. आर्किकॅड १९८०च्या दशकापासून आहे, रेव्हिट २००० सालापासून. तेव्हा 'नवीन तंत्रज्ञान' म्हणून बिचकण्यासारखं यात काही नाही.

१. आधी माणसं

पहिल्या बैठकीला आठ-दहा माणसं पुष्कळ झाली. त्यात दोन आर्किटेक्ट, एक आरसीसीवाला, एक क्वांटिटी काढणारा, एक प्लंबिंग नाहीतर इलेक्ट्रिकलचं काम घेणारा आणि दोन-तीन विद्यार्थी असावेत. विद्यार्थ्यांचा हात माउसवर झपाझप चालतो आणि 'हे असं का?' असं विचारायला त्यांना लाज वाटत नाही.

पण सगळ्यात आधी पक्का करायचा तो साइट इंजिनिअर. तो येणार नसेल तर तारीख पुढे ढकला. ऑफिसात बसून मॉडेल करणाऱ्याला दरवाजा नव्वद सेंटिमीटरचा काढला की झालं असं वाटतं. चौकट कधी उभी राहते, प्लास्टरनंतर किती उरतात आणि बिजागरी कुठल्या बाजूला हवी हे साइटवाल्याला माहीत असतं. त्याच्याशिवाय भरलेला कट्टा चित्रकलेचा वर्ग होतो.

दुसरं पथ्य आपल्याकडच्या स्वभावामुळे पाळावं लागतं. एकाच ऑफिसातले साहेब आणि ज्युनिअर एका टेबलावर बसवू नका. साहेबांसमोर ज्युनिअर 'मला आयएफसी (मॉडेलच्या फाइलचं एक रूप, पुढे येईल) म्हणजे काय ते कळलं नाही' असं म्हणणार नाही, आणि ज्युनिअरसमोर साहेब तर मुळीच म्हणणार नाहीत. दोघांना बोलवा, टेबलं वेगळी ठेवा. 'सर', 'मॅडम' म्हणणं आपल्याकडून सुटत नाही, ते चालू द्या, फक्त प्रश्न विचारायची सुरुवात वयाने सगळ्यात लहान असलेल्याकडून करा.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना पहिल्या काही बैठकांना गोड बोलून नाही म्हणा. त्यांच्या डेमोतल्या इमारतीत काही चुकलेलं नसतं, आणि आपल्याला नेमकं चुकलेलंच बघायचं असतं.

२. दिवस, जागा आणि माउस

साइटवरच्या पगाराचा आणि आठवडी बाजाराचा दिवस टाळा, त्या दिवशी साइट इंजिनिअर तुमचा नसतो. मार्चमध्ये सरकारी कामं करणारे बिलांत गुंतलेले असतात, दसरा-दिवाळीच्या आधी ताबा देण्याची घाई असते. पावसाळ्यात बाहेरची कामं थंडावतात. सुरुवातीला तो काळ सगळ्यात सोयीचा.

जागेला हॉल लागत नाही. कुणाचं तरी ऑफिस सुटल्यावर, कॉलेजची संगणक प्रयोगशाळा, नाहीतर गावातल्या इंजिनिअर्स असोसिएशनची खोली चालते. प्रोजेक्टर नसला तरी अडत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र मोजून न्या, आणि प्रत्येकाला चाक असलेला माउस आणायला बजावून सांगा. त्रिमितीय मॉडेल टचपॅडवर फिरवताना नवखा माणूस दहा मिनिटांत वैतागतो आणि दोष सॉफ्टवेअरला देतो. सॉफ्टवेअर आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. दहा जण एका वायफायवर काही शे एमबीची फाइल ओढायला लागले की चहा संपतो, फाइल येत नाही.

चहाचे पैसे वर्गणीने. नोंदणी, अध्यक्ष, खजिनदार या भानगडीत इतक्यात पडू नका.

३. एक छोटी इमारत

सगळ्यांनी एकाच इमारतीवर काम करायचं. दोन खोल्या, एक संडास-बाथरूम, एक जिना, वर पाण्याची टाकी, बस. याहून मोठी घेतली की अर्धा वेळ लॅपटॉप विचार करत बसतो. एखाद्याच्या पूर्ण झालेल्या कामाचा प्लॅन घ्यायचा असेल तर आधी मालकाची परवानगी घ्या आणि टायटल ब्लॉक (ड्रॉइंगवरची माहितीची चौकट), सर्व्हे नंबर, मालकाचं नाव काढून टाका. चालू कामाची ड्रॉइंग कट्ट्याच्या ग्रुपवर टाकायची नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. नाहीतर कुणाच्या तरी क्लायंटचा बेडरूम गावभर फिरतो.

इमारतीचं मॉडेल एकाने आधी करून आणायचं. ते सुबक नसलं तर उत्तम. चुका सापडल्या की लोक बोलतात.

४. फाइल कुठल्या रूपात द्यायची

रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि जुन्यासाठी परत साठवताही येत नाही. आर्किकॅडवाल्याला तर ती जशीच्या तशी वापरताही येत नाही. म्हणून कट्ट्यावर मॉडेल फिरवायचं ते आयएफसी या रूपात. हे कुठल्या एका कंपनीचं नाही. बिल्डिंगस्मार्ट ही संस्था ते सांभाळते. २०१३ साली आयएफसी ४ला आयएसओ १६७३९ या मानकाचा दर्जा मिळाला, त्याची ४.३ ही आवृत्ती २०२४मध्ये मानक झाली, आणि तरीही कितीतरी ऑफिसांत अजून जुनी २एक्स३च चालते. कुठली वापरायची ते ठरवून सगळ्यांना आधी कळवा.

नवख्यांना आयएफसी समजावण्याचा माझा आवडता मार्ग म्हणजे ती फाइल सरळ नोटपॅडमध्ये उघडणे. ती साध्या मजकुराची फाइल असते. हॅशचं चिन्ह, मग एक आकडा, मग 'आयएफसीवॉल' असा शब्द आणि कंसात त्या भिंतीची माहिती. पुढच्या ओळीत दुसरं काही. शोधा म्हटलं की इमारतीतला प्रत्येक दरवाजा ओळीने सापडतो. मॉडेल म्हणजे जादू नव्हे, एक लांबलचक यादी आहे, हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याची भीती निम्मी जाते.

उघडायला फुकटात बरंच काही आहे. ब्लेंडरवर चालणारं बोन्साय (२०२४पर्यंत त्याचं नाव ब्लेंडरबिम होतं) आयएफसीतच थेट काम करतं. शिकायला जरा अवघड, पण सगळं दाखवतं. फ्रीकॅड आहे. नुसतं बघायचं असेल तर बिमव्हिजन पुरे. ज्यांच्याकडे रेव्हिट, आर्किकॅड, टेक्ला यांचा परवाना आहे त्यांनी ती उघडावीत. क्रॅक केलेली प्रत मात्र टेबलावर नको, आणि विद्यार्थ्यांच्या परवान्यावर क्लायंटचं कामही नको.

५. पहिली बैठक : एका बीमचं काँक्रीट

ओळखी दहा मिनिटांत उरका. नाव, काम, आणि 'गेल्या महिन्यात माझं कुठलं काम दुबार झालं' एवढंच प्रत्येकाने सांगायचं. स्लाइड कुणीही आणायच्या नाहीत.

मग सगळ्यांना तीच फाइल द्या आणि पहिल्या स्लॅबचं बीमसकट काँक्रीट किती, ते काढायला सांगा. ज्याला जे येतं त्याने तसं काढायचं : कुणी रेव्हिटमध्ये, कुणी बोन्सायमध्ये, कुणी कागदावर. उत्तरं फळ्यावर लिहा. ती जुळणार नाहीत. कट्टा खरा इथे सुरू होतो.

उदाहरणार्थ एकच बीम घ्या. रुंदी २३० मिमी, पूर्ण खोली ४५० मिमी, कॉलमच्या आतल्या बाजूंमधली लांबी ५ मीटर, वर १२५ मिमीचा स्लॅब. मेजरमेंट बुकात, म्हणजे बिलासाठीच्या मोजमापाच्या वहीत, लिहिताना आपण बीमची खोली स्लॅबच्या तळापासून धरतो, म्हणजे ३२५ मिमी. काँक्रीट झालं ०.३७४ घनमीटर, वरचा १२५ मिमीचा भाग स्लॅबमध्ये आधीच मोजलेला आहे. मॉडेलमध्ये बीम मात्र पूर्ण ४५० मिमीचा ठेवलेला असतो आणि त्याचं घनफळ ०.५१८ येतं. स्लॅबही पूर्ण मोजला गेला, तर ०.१४४ घनमीटर, म्हणजे साधारण पाच घनफूट काँक्रीट दोनदा धरलं गेलं. एका बीममध्ये हे कुणाच्या लक्षातही येत नाही. असे दहा बीम असले की १.४४ घनमीटर होतात. सहा घनमीटरच्या आरएमसी (तयार काँक्रीटच्या) गाडीचा जवळजवळ पाव हिस्सा.

आता फळ्यासमोर उभं राहून भांडू द्या. काही सॉफ्टवेअर असे जोड आपोआप कापतात, काही सांगितल्याशिवाय कापत नाहीत. कुणी बीम कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत काढलेला असेल, कारण तो डिझाइनच्या मॉडेलवरून उचलला. कुणी जिन्याचा वेस्ट स्लॅब (पायऱ्यांखालचा तिरका स्लॅब) विसरलेला असेल. बिलिंगवाला माणूस या वेळी फार उपयोगी पडतो, कारण कुठे काय वजा करायचं हे त्याला तोंडपाठ असतं. मॉडेल बरोबर की हात बरोबर, याचा निकाल लावू नका. मॉडेल कसं काढायचं म्हणजे हाताच्या मोजणीशी जुळेल, याचा एक नियम एका ओळीत लिहून घ्या. त्या ओळीसाठीच एवढं बसायचं. दीड तास झाला की उठा.

६. दुसरी बैठक : संडासाचा पाइप

या बैठकीत टक्कर शोधायची, म्हणजे ज्याला क्लॅश म्हणतात ते. नवखा माणूस उत्साहाने बटण दाबतो आणि सॉफ्टवेअर शेकड्यांनी टकरी दाखवतं. काही वेळा भिंत बीमला नुसती टेकली तरी ती टक्कर. म्हणून आधी फक्त दोनच गोष्टी निवडा : एका बाजूला बीम, दुसऱ्या बाजूला ११० मिमीचे पाइप.

यानंतर माउस खाली ठेवून प्लंबरला बोलू द्या. कमोडपासून डक्टपर्यंत (उभे पाइप जातात ती मोकळी जागा) ३ मीटर अंतर आहे. १:५०चा उतार धरला तर पाइप ६० मिमी खाली जातो. पाइप ११० आणि उतार ६०, म्हणजे १७० मिमी तर यातच गेले. सनकन स्लॅब (संडासाखाली मुद्दाम खाली उतरवलेला) २०० मिमीच दाखवला असेल, तर ट्रॅप (वास अडवणारा पाण्याचा वाक) बसवायचा कुठे? आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये पाइप आडवा, बिनउताराचा असतो आणि टक्कर शून्य दिसते. साइटवर तोच पाइप बीममध्ये घुसतो आणि मग छिन्नी निघते. टक्कर शोधणारं सॉफ्टवेअर जे काढलं आहे तेच तपासतं. उतार काढायचा हे प्लंबरने सांगावं लागतं.

सापडलेली अडचण स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची सवय इथेच मोडा. बीसीएफ नावाचं एक रूप आहे : अडचणीची टीप, कुठल्या वस्तूंबद्दल आहे ते, आणि ती कुठून बघायची तो कोन, हे सगळं एका छोट्या फाइलमध्ये जातं. समोरच्याने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडली की मॉडेल त्याच जागी, त्याच कोनात उभं राहतं. एकाने पाठवायचं, टेबलापलीकडच्याने उघडायचं, एवढा सराव करा.

मध्येच, मराठी अक्षरांविषयी

'देवघर', 'माजघर', 'ओटा' अशी खोल्यांची नावं मराठीत टाकणारे आपल्याकडे खूप आहेत, आणि टाकावीतच. फक्त ती युनिकोडमध्ये टाका. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर अगम्य अक्षरांचा ढीग होतो, आणि ऑटोकॅडच्या साध्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी नसल्याने नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. आयएफसी फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत तर मराठी नावाच्या जागी आकडे आणि रोमन अक्षरांची माळ दिसेल. फाइल बिघडलेली नसते. त्या रूपात देवनागरी अशीच सांकेतिक पद्धतीने लिहिली जाते आणि व्ह्यूअरमध्ये पुन्हा नीट दिसते. जोडाक्षरं तुटतात का, ते मात्र प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये 'स्वच्छतागृह' लिहून तपासा. कट्ट्यावर हे पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि ते आपल्यासाठी दुसरं कुणी करणार नाही.

७. काही प्रश्न येणारच

'याने प्लॅन पास होतो का?' हा पहिला. सरळ उत्तर द्या : मंजुरीसाठी आपल्याकडच्या ऑनलाइन यंत्रणांना ठरलेल्या लेयरमध्ये काढलेलं द्विमितीय ड्रॉइंग लागतं. ऑटोडीसीआर (प्लॅन आपोआप तपासणारं सॉफ्टवेअर) वापरलेल्यांना लेयरचं नाव चुकलं की काय होतं ते सांगायला नको. मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्यभर डिसेंबर २०२०पासून यूडीसीपीआर ही एकच बांधकाम नियमावली आहे. त्यामुळे मॉडेलमधून त्या लेयरसकट ड्रॉइंग कसं बाहेर काढायचं, याचा नमुना एकाने केला की तो गावोगाव चालतो. यासाठी वेगळी बैठक ठेवा, गर्दी होईल.

'नागपूर मेट्रोने ५डी बिम वापरलं, आपण का नाही?' हा दुसरा. वापरलं, खरं आहे. मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडला. पण तिथे त्यासाठी वेगळी टीम होती. चार फ्लॅटच्या इमारतीला स्लॅबची तारीख आणि लोखंडाचा हिशेब जुळला तरी खूप.

कुणीतरी आयएसओ १९६५० काढेल. प्रकल्पातली माहिती कुणी, कधी, कुणाला द्यायची यासाठीचं हे मानक आहे, २०१८ सालचं. चांगलं आहे, पण पहिल्या वर्षी कट्ट्यावर नको. त्यापेक्षा 'या दरवाजाबद्दल कंत्राटदाराला नेमकं काय हवं?' हे विचारा आणि यादी करा. डी-१ हे नाव, रुंदी, उंची, उघडण्याची बाजू, चौकट कशाची. तेवढं प्रत्येक दरवाजात भरलेलं आहे का, हे तपासता आलं की त्या मानकातला अर्धा विचार आपसूक अंगवळणी पडतो.

८. मोबाइल, ड्रोन आणि जुना वाडा

एखादी बैठक मोजणीची ठेवा. आर्किटेक्चरच्या मुलांना वाड्याचं मेजर्ड ड्रॉइंग करावंच लागतं. त्याला फोटोंची जोड द्या. वेबओडीएमसारखं मुक्त सॉफ्टवेअर एकमेकांवर भरपूर चढलेल्या फोटोंवरून बिंदूंचा ढग तयार करतं, आणि क्लाउडकंपेअरमध्ये तो बघता, मोजता येतो. लगतचे दोन फोटो एकमेकांशी निदान सत्तर टक्के जुळायला हवेत. कमी पडले की भिंतीला भोकं पडतात. लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) असलेले फोनही आता आहेत (आयफोनच्या प्रो मालिकेत २०२०च्या १२ प्रोपासून); खोलीचा अंदाज घ्यायला ठीक, चौकटीचं माप द्यायला नाही. दोन बाजू टेपने मोजून ताडून बघितल्याशिवाय त्यातला कुठलाही आकडा ड्रॉइंगवर लिहू नका.

ड्रोनची हौस असेल तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलच्या नकाशात आपली जागा कुठल्या रंगात येते ते बघा. २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनना सवलती आहेत, पण तेवढ्यावर विसंबून उडवू नका. पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, हा प्रश्न बैठकीच्या आधीच सोडवावा लागतो.

९. एक बैठक साइटवर

तिसरी-चौथी बैठक झाली की एकदा साइटवर जा. दिवस निवडायचा तो स्लॅब टाकण्याच्या दोन दिवस आधीचा : सेंटरिंग (स्लॅबखालचा फळ्या-टेकूंचा साचा) झालेलं असतं, लोखंड बांधत आलेलं असतं, आणि काही चुकलं असेल तर अजून हलवता येतं. स्लॅबच्या दिवशी गेलात तर कुणी तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही, आणि त्यांचं बरोबर असेल.

मालक आणि कंत्राटदार दोघांची परवानगी घ्या. पाच-सहा जणांपेक्षा जास्त नकोत, सगळ्यांना हेल्मेट आणि बूट. चपला घालून आलेल्याला वर सोडू नका. मॉडेल टॅबवर आधीच उतरवून घ्या, कारण वर नेटवर्क असेलच असं नाही, आणि उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून त्याच भागाची एक ए-थ्री प्रिंटही ठेवा. एकाने टेप धरायचा, एकाने मॉडेलमधला आकडा वाचायचा, एकाने लिहायचं. फक्त स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी काँक्रीटमध्ये सोडलेली नळी) तपासा : संडासाचा, स्वयंपाकघराचा, पावसाच्या पाण्याचा. कॉलमच्या कडेपासून अंतर किती आणि व्यास किती, हे दोनच आकडे. फरक दिसला तर फिटरला परस्पर हलवायला सांगू नका. साइट इंजिनिअरला दाखवा, तो आरसीसी कन्सल्टंटला फोन करेल. संध्याकाळी त्या टिपा बीसीएफमध्ये भरून मॉडेल करणाऱ्याकडे पाठवा. पुढच्या बैठकीची फाइल तीच.